ऐकू आलं की बोट वर करायचं

माझी खानावळ चिखलीत. कंपन्यांतली पोरं जेवायला येतात, शिफ्टप्रमाणे येतात आणि भुकेनं कासावीस होऊन येतात. आत कुकरची शिट्टी झाली की पंगतीतला झाडून प्रत्येक जण मान वर करतो, कारण शिट्टी म्हणजे गरम भात. वर्षानुवर्षं मी हे बघत आले. एकटा दत्ता तेवढा मान वर करायचा नाही. मला वाटायचं, परभणीकडचा आहे, भाकरी खाणारा, भाताचं कसलं कौतुक त्याला! मग एका दुपारी कुकरची शिट्टी अडकली. थांबेचना मेली. किंचाळत सुटली. पोरांनी कानांवर हात ठेवले, शेजारीण काय झालं म्हणून धावत आली, मी पदर गुंडाळून गॅसकडं पळाले. आणि दत्ता आपला बुक्कीनं कांदा फोडत बसलेला. सगळ्यांकडं बघून मला म्हणाला, "मावशी, ही पोरं कानावर हात ठेवून का बसलीत ओ?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ट्रक गेला तर त्याला कळायचा, मी ओरडले तर कळायचं, भोंगा कळायचा. पण बारीक, तिखट आवाज त्याच्यासाठी बंद पडले होते आणि त्याचा त्यालाच पत्ता नव्हता.

दत्ता चाकणच्या एका कंपनीत प्रेसवर होता. प्रेस म्हणजे पत्र्याला आकार देणारं धूड. पत्रा आत सरकवायचा, हात मागं घ्यायचे आणि समोरची दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबायची, की वरून अडीचशे टनांचा दणका खाली येतो. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे एकही हात आत नाही, असा त्यातला हिशेब. पण माल वाढवायची घाई झाली की काही ठिकाणी एक बटण चिंधीनं बांधून टाकतात. मग एका हातानं दाबायचं, दुसऱ्यानं पत्रा सरकवायचा. दत्ताच्या खोलीतल्या एका सोबत्याची तीन बोटं अशाच बांधलेल्या बटणानं गेली. तो पोरगा गावी गेला तो गेलाच.

तेव्हापासून दत्ताची एक सवय होती. शिफ्ट संपवून खानावळीच्या दारात आला की चपला काढायच्या आधी दोन्ही पंजे माझ्यासमोर धरायचा आणि म्हणायचा, "मावशी, धा हायत." मी म्हणायची, "आहेत बाबा आहेत, आता धू ते." रोज. माझा नवरा कंटाळून म्हणायचा, काय हे नाटक लावलंय. मला मात्र त्या नाटकाशिवाय ताट वाढवत नसे. एखाद्या दिवशी ओव्हरटाइम लागून त्याला उशीर झाला, तर माझा जीव खालीवर व्हायचा.

अंगानं तो किडमिडीत, गुडघे जरा वाकलेले, केसांना भरपूर तेल. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं टक लावून बघायचा. नवीन पोरी वाढायला आल्या की त्यांना वाटायचं, हा मेला असा काय बघतो! मी त्यांना सांगायची, बघत नाही गं, ऐकतोय तो.

आता सुजाताचं सांगते, कारण तिच्याशिवाय दत्ता पुरा होत नाही. सुजाता इथलीच, आकुर्डीची. बाप कंपनीत कामगार, घर बुद्ध विहाराच्या मागं. ती दत्ताच्याच कंपनीत क्वालिटीला होती. प्रेसच्या गोंगाटात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला "लॉट थांबवा!" म्हणून ओरडायचं, हे तिचं काम. त्यातून तिचा गळा असा काही तयार झाला होता की आमच्या गल्लीत ती हळू बोलली तरी कुत्री उठायची. ती त्याला "भावा" म्हणायची आणि तो तिला "मॅडम". मी एकदा न राहवून म्हटलं, "लग्न करून टाका की गं तुम्ही." तर म्हणते, "मावशी, याच्याशी संसार केला तर मी काय टोमणे मारले ते याला कळणारच नाही. मग उपयोग काय?" तिघंही हसलो. दत्ता जरा उशिरा हसला, आमचं बघून.

त्या दोघांनी मिळून एक भलतंच काढलं होतं. बँड म्हणायचे ते त्याला. नाव 'अडीचशे टन'. दोघांचाच बँड, ना पेटी ना तबला ना गिटार. एक जुना कॉम्प्युटर, दोन मोठाले स्पीकर, सुजाताचा गळा आणि एक लोखंडी टेबल. त्या टेबलावर दत्तानं भंगारातून आणलेली प्रेसची दोन बटणं बसवली होती, एक आपल्यापुढं, एक तिच्यापुढं. दोघांचे हात एकदम पडले तरच स्पीकरमधून तो दणका निघायचा. एकट्यानं कितीही बडवा, आवाज शून्य. सुजाता वैतागायची. "अरे भावा, एका बटणावर काम होतंय ना राव! माझा हात मोकळा राहील." तो ऐकायचा नाही. "एका हातानं चालू व्हायलं की घात असतो, मॅडम," एवढंच म्हणायचा.

आमच्याकडं गुरुवारी कंपन्यांना सुट्टी. आठवडाभर घरघरणारा सगळा पट्टा त्या दिवशी गप्प होतो, इतका की कावळे ऐकू येतात. बरोबर तेव्हाच ही दोघं एका भंगारवाल्याच्या गाळ्यात शिरायची आणि लोकांची झोप मोडू नये म्हणून शटर आतून खाली ओढून घ्यायची. पहिल्यांदा मी डबा घेऊन गेले तेव्हा शटरवर हात ठेवला, तर पत्रा थरथरत होता. आतून पोरगी असं काही ओरडली की मला वाटलं, गेला कुणाचा तरी हात! मी शटर बडवलं, कुणी उघडेना. शेवटी चपलेनं बडवलं. उघडल्यावर बघते तर दोघं घामानं निथळतायत, पंखा नाही, हवा नाही, आणि दत्ताच्या तोंडावर लग्नघरातल्यासारखं हसू.

मला गाण्यातलं काय कळतंय? गाढवाला गुळाची चव काय! पण बसले एका डब्यावर. सुजाता माईक तोंडात घातल्यासारखा धरून ओरडायची:

"पास दाखव!
तोंड दाखव!
हात दाखव!
बाहेर कुठंय? दाखव!"

आणि प्रत्येक 'दाखव'वर दोघांचे पंजे धाडकन बटणांवर. ओरडणं ऐकून अंगावर काटा यायचा, रागच राग होता त्यात. पण खालचा ठोका मात्र नाचायचा होता. माझं वय, माझे गुडघे, आणि माझा पाय हलायला लागला, हो! दत्ता चपला काढून सिमेंटच्या कोब्यावर अनवाणी उभा राहायचा. मी म्हटलं, चप्पल घाल, खिळे आहेत. म्हणाला, "मावशी, मला पायातून यायलंय ते." मी म्हटलं, कंपनी कानात घालायला बोंडं देते ना, ती का घालत नाहीस? तर म्हणे, "प्रेसवर बोंडं घातली तर शेजारच्यानं 'हात काढ' म्हणून हाक मारलेली कळत न्हाई. कान वाचवू का हात?"

माझ्या पुतण्याच्या हळदीला ऐनवेळी डीजेवाला आला नाही. मंडप घातलेला, हळद कालवलेली, पाहुणे बसलेले आणि स्पीकर नाही. मीच सुजाताला फोन केला. दोघं टेम्पोत टेबल टाकून आली. पहिले दोन ठोके पडले आणि नवऱ्या मुलाची आत्या माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मी तिच्या भावाचं घर जाळलंय. पण गल्लीतली पोरं सगळी कंपन्यांतली. "पास दाखव!" म्हटल्यावर ती लागली उड्या मारायला, मग बायका, मग खुद्द नवरदेव हळदीसकट. एक आजोबा काठी टेकत पुढं आले आणि सुजाताला विचारतात, "पोरी, यात देवाचं नाव कुठंय?" ती म्हणाली, "आजोबा, सेफ्टी ऑफिसरचं आहे." त्यांना काय कळलं कुणास ठाऊक, काठी वर करून तेही नाचले.

मग सुजाता ओरडली, "हात दाखव!" आणि सगळ्या गल्लीनं हात वर केले. हळदीनं पिवळे झालेले शंभरेक हात. त्यांतल्या काही हातांना बोटं कमी होती. रोज त्याच पोरांना मी वाढते, पण ते असे सगळे एकदम वर गेलेले मी कधी बघितले नव्हते. दत्तानं बघितले आणि त्याचा पुढचा ठोका चुकला. मी त्याला ठोका चुकताना पाहिलेलं ते एकदाच.

पुढं कुणीतरी त्या हळदीचं मोबाइलवर केलेलं चित्रण पसरलं आणि ताथवड्याच्या एका कॉलेजातल्या पोरांनी त्यांना गॅदरिंगला बोलावलं. दोघं कंपनीच्या गणवेशातच गेली, शिफ्ट करून आली होती ना. पोरं म्हणे वेडी झाली. एका मुलानं दत्ताच्या शर्टाला हात लावून विचारलं, "दादा, हे कुठून घेतलं? भारी आहे." दत्ता म्हणाला, "गेटवर मिळतंय. पण काढू देत न्हाईत." हे सांगताना तो खो-खो हसत होता आणि सुजाता हसत नव्हती.

आता त्याच्या अडकण्याचं सांगते. दत्ता ठेकेदाराचा माणूस होता. सहा-सात महिने झाले की ठेकेदार त्याला 'ब्रेक' द्यायचा. म्हणजे कामावरून काढायचं आणि थोड्या दिवसांनी नवा माणूस म्हणून परत घ्यायचं. नवा माणूस कायम कसा होणार? अशी त्याची कितीतरी वर्षं गेली. त्याच मशीनवर, त्याच जागी, आणि दर वेळी नवा. गावाकडं आई एकटी. ती दर फोनला एकच विचारायची, "दत्ता, झालास का रं कायम?" तो म्हणायचा, "होतोय, माय." या एका शब्दापायी तो जगत होता. मुलगी बघायला गेला तर मुलीचा बाप पहिला प्रश्न तोच विचारायचा.

आणि एकदाचं त्याचं नाव लागलं. कायम करणार, फक्त मेडिकल पास व्हायचं. मेडिकलमध्ये डोळे, छाती, रक्त आणि कान.

त्या आठवड्यात तो जेवेना. ताट पुढं आणि नजर भिंतीवर. सुजातानं त्याला एका कानाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं सांगितलं, वरचे बारीक आवाज गेलेत, परत यायचे नाहीत. खालचे उरलेत, गोंगाटापासून लांब राहिलात तर राहतील. दत्ता म्हणाला, "गोंगाटापासून लांब म्हणजे कुठं, डॉक्टर?" डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली म्हणे.

मेडिकलच्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. दुपारी दत्ता दारात आला, पंजे दाखवायचंही विसरला आणि मला उचलूनच घेतलं त्यानं, या वयात! "मावशी, झालो पास!"

कसा रे? तर ऐका. कानाला हेडफोन लावतात, एक माणूस मशीनचं बटण दाबून आवाज सोडतो. ऐकू आलं की बोट वर करायचं. दत्ताला बसवलं होतं पाठमोरं, पण पुढं औषधांचं काचेचं कपाट. काचेत त्या माणसाचं कोपर दिसत होतं. ज्याची सगळी उमर दुसऱ्याच्या हाताकडं बघण्यात गेली, त्याला कोपराचं काय अवघड? कोपर हललं की याचं बोट वर. कोपर हललं की बोट वर. आवाज बहुतेक ऐकूच येत नव्हते.

सुजातानं कपाळावर हात मारला. "प्रत्येक वेळी वर केलंस?"

"हां, प्रत्येक वेळी."

"अरे येड्या! ते आवाज कमी कमी करत नेतात! शेवटचे कुणालाच येत नाहीत. मधे मधे चुकायचं ना राव!"

दत्ता ओशाळला. म्हणाला, "मॅडम, ठोका सोडायचा म्हटलं तर मला जमतच न्हाई."

त्याच्या कागदावर आलं की या माणसाचा कान सबंध कंपनीत एक नंबर आहे. आम्ही हसून लोटपोट झालो. मी त्या दिवशी गोड शिरा केला. आईला फोन लावला, आणि फोनवर ती म्हातारी रडली ते मला लांब गॅसपाशी ऐकू आलं. दत्तानं मात्र विचारलं, "माय, बोलंना की. गप का बसलीस?"

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, म्हणतात. दत्ताच्या बाबतीत देवानं थट्टाच केली. कायम झाल्यावर साहेबांनी कागद बघितला आणि म्हणाले, असा कान प्रेसवर कशाला वाया घालवायचा? कंपनीच्या दुसऱ्या शेडमध्ये गिअरबॉक्स जोडतात. जोडून झाला की तो एका काचेच्या केबिनमध्ये फिरवून बघतात. भिंतींना फोम लावलेला, जाड काच, बाहेरचा आवाज आत नाही आणि आतला बाहेर नाही. तिथं एक माणूस बसतो. त्यानं ऐकायचं, की आत कुठं बारीक किणकिण आहे का, कुठला दात घासतोय का. मीटर असतो, पण शेवटी होय की नाही ते माणसाच्या कानानं सांगायचं. त्या खुर्चीत दत्ताला बसवलं.

त्या दिवशी तो आला, पंजे दाखवले, "धा हायत" म्हणाला आणि जेवायला बसला. मग घास हातातच धरून म्हणाला, "मावशी, इतकी शांतता मी कधी बघितली न्हाई. लई भ्या वाटतं." माणसं गोंगाटाला भितात, हा शांततेला. मला त्याची इतकी कीव आली की मी उठून आत गेले.

तो काय करायचा, तर गिअरबॉक्सवर पंजा ठेवायचा. पंज्यातून जेवढं कळेल तेवढं. जरा शंका आली की माल बाजूला काढायचा. साहेब म्हणायचे, दत्ता कडक आहे. पण रात्रंदिवस त्याच्या डोक्यात एकच भुंगा: एखादा खराब माझ्या हातून गेला तर? आपण कुणाला फसवतोय, हे त्याला सहन व्हायचं नाही. मी म्हटलं, सांगून टाक साहेबांना. म्हणाला, "सांगितलं तर मेडिकल खोटं ठरलं. मग घरी. आन् बहिऱ्याला कुठली कंपनी दारात उभी करते, मावशी?" धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. ज्या दारातून आत जायला त्यानं आयुष्य घातलं, तेच दार त्याच्यामागं बंद झालं होतं.

सुजातानं हट्टानं त्याला कानात घालायचं मशीन आणून दिलं. छोटं, शेंगदाण्याएवढं. पहिल्यांदा घातलं ते माझ्या खानावळीतच. आत कुकरची शिट्टी झाली आणि दत्ता बसल्या जागी दचकून उभा राहिला. "ही असती व्हय शिट्टी!" मग त्यानं सगळं ऐकून घेतलं. चमचा पडलेला, पोळी लाटताना माझ्या बांगड्या वाजतात ते, दाराची कडी. सुजाता म्हणाली, "भावा, मी कशी यायलेय?" त्याच्यासारखंच बोलून चिडवत होती ती. दत्ता तिच्याकडं बघत राहिला. पहिल्यांदाच तोंडाकडं नाही, डोळ्यांकडं. म्हणाला, "तुझा आवाज असा हाय? मला वाटायचं, नुसता जाड हाय. याला वर एक बारीक धार हाय की."

ती एकदम उठली आणि पाणी प्यायच्या निमित्तानं मागं गेली. डोळे पुसून आली, पण माझ्यापासून काय लपतंय?

पण ते मशीन गेटच्या आत चालणार नव्हतं. ज्याचा कान एक नंबर, त्याच्या कानात मशीन कसं? म्हणून रोज सकाळी बसमध्ये चढायच्या आधी ते काढायचं आणि माझ्या मिठाच्या बरणीशेजारी डबीत ठेवून जायचं. संध्याकाळी आला की आधी पंजे, मग डबी. दिवसभर ते शेंगदाण्याएवढं मशीन माझ्या फळीवर पडून असायचं आणि तो तिकडं काचेत.

मग सुजातानं एक केलं. एका गुरुवारी दत्ता गाळ्यात गेला तर टेबलावर एकच बटण. तिनं आपलं काढून नेलं होतं. संध्याकाळी दोघांची माझ्यासमोर जुंपली.

"डॉक्टर काय म्हणाले ते विसरलास? उरलेलं पण घालवायचंय? बँड बंद."

"कान माझे हायत."

"आणि ठोका दोघांचा आहे. तूच ठरवलंयस ना, एका हातानं वाजता कामा नये? मग नाही वाजवत मी. बस्स."

दत्ता तिच्यावर ओरडलेला मी तेवढाच एकदा ऐकला. "कशासाठी राखू गं? तुझा आवाज यावा म्हणून राखायचे, आन् तू ओरडायचंच बंद केलंस, तर मग राखून ठेवू कुणासाठी? त्या गिअरबॉक्ससाठी?"

ती निघून गेली. काही दिवसांनी तिनं ती कंपनीही सोडली, तळवड्याला दुसरीकडं लागली. बोलणं बंद. दत्ता तरीही गुरुवारी गाळ्यात जायचा. मी एकदा डबा घेऊन गेले. शटर अर्धं वर, आत तो अनवाणी उभा, आपल्या बटणावर पंजा मारतोय. अर्थातच काही वाजत नव्हतं. मला बघून म्हणाला, "सवय हाय, मावशी. हाताला." मी डबा ठेवला आणि आले. दुसरं मी करणार तरी काय?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कंपन्यांत मशीनची पूजा असते. काम बंद. मशीन पुसून हार घालतात, नारळ फोडतात, आणि कायम कामगारांना घरची माणसं आत आणता येतात. दत्ताचं ते कायम झाल्यावरचं पहिलंच वर्ष. त्याची आई गुडघ्यांमुळं येऊ शकली नाही. त्यानं गेटवर दोन नावं दिली होती: मावशी म्हणून माझं आणि बहीण म्हणून सुजाताचं. मला वाटलं, ती कसली येतेय. पण बसथांब्यावर बघते तर विहारात जाताना नेसते ती पांढरी साडी नेसून उभी. गाडीभर ती खिडकीबाहेर बघत बसली.

आत सगळीकडं झेंडूच झेंडू. एवढी मोठी शेड आणि एक मशीन चालू नाही, मला तर देवळात आल्यासारखं वाटलं. दत्ता नव्या शर्टात पुढं आला. सुजाताला बघून त्याला काय करावं सुचेना. शेवटी दोन्ही पंजे पुढं धरले. "धा हायत," म्हणाला. ती हसली नाही, पण पंज्यांकडं बघितलं तिनं.

त्याचे साहेब चांगले होते हो, उगीच वाईट का म्हणू. कौतुकानं आम्हाला केबिन दाखवायला घेऊन गेले. "आजी, हा आमचा कंपनीतला सगळ्यात तल्लख कान. जा रे दत्ता, आत जाऊन दाखव यांना." दत्ता आत गेला, दार ओढलं. आमच्याकडं पाठ करून तो मशीनवरचा वाकडा झालेला हार नीट करायला लागला. काचेतून तो लहान दिसत होता. चहूबाजूंनी काच, मध्ये तो आणि झेंडू.

साहेब म्हणाले, "इतकी पक्की केबिन आहे, इथं बाहेर कुणी किंकाळी मारली तरी आत काही जाणार नाही."

सुजातानं साहेबांकडं बघितलं. मग पदर खोचला, श्वास घेतला आणि त्या शांत शेडमध्ये, पूजेच्या गर्दीत, सगळ्या जोरानिशी ओरडली, "हात दाखव!"

कुणाच्या हातातलं नारळाचं ताट पडलं. लेकरं रडायला लागली. पार टोकाची माणसं वळून बघायला लागली. दत्ता वळला नाही. हाराचा दोरा नीट करत राहिला.

"बघितलंत?" साहेब हसून म्हणाले. "म्हटलं नव्हतं?"

पण मी दाराजवळ उभी होते. दार लागलेलंच नव्हतं. पूजेच्या दिव्यांच्या माळेची वायर आत गेली होती, त्यामुळं दाराला चांगली चार बोटं फट होती. त्या फटीतून मला आतल्या उदबत्तीचा वाससुद्धा येत होता. सुजातानं फट बघितली आणि मी तिचं तोंड बघितलं. देवानं असलं तोंड परत मला दाखवू नये.

ती काचेपाशी गेली. पंजा उचलला आणि काचेवर मारला. पुन्हा मारला. तोच त्यांचा ठोका, नाचायचा. काच थरथरली, कोब्यातून माझ्या पायाला कळलं.

दत्ताचा हात हारावर थांबला. तो सावकाश वळला. आधी तिचा काचेवर टेकलेला पंजा बघितला, मग तिच्याकडं. आणि मेडिकलच्या खुर्चीत बसल्यासारखा ताठ उभा राहून, हसत, त्यानं बोट वर केलं.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या.